बाटलीतली गोळी, टोपलीतला पाला

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, किंवा काही वर्षांपूर्वी ती सोडलेल्या माणसाच्या हाती डोळ्यांच्या गोळ्यांची बाटली आली, तर झाकण उघडण्याआधी त्याने मागची बारीक अक्षरे वाचावीत. त्यांत ‘बीटा-कॅरोटिन’ असा शब्द दिसला, तर ती बाटली दुकानदाराला परत करावी. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हा सल्ला सर्वांत आधी द्यायला हवा. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणारा मोठा कामगारवर्ग इथे राहतो. त्यातले अनेक जण धूम्रपान करतात. चाळिशीनंतर अक्षरे पुसट दिसू लागली की सुट्टी काढून डॉक्टर गाठण्यापेक्षा औषधाच्या दुकानात ‘डोळ्यांची ताकदीची गोळी’ मागणे सोपे पडते.

गाजराला रंग देणारे हे द्रव्य घातक कसे ठरले, याची हकीकत फिनलंडमधली आहे. तिथे 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, तेव्हा त्यांतले बीटा-कॅरोटिन गोळीतून दिले तर तोच लाभ मिळेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. 1994 मध्ये निकाल आला तो उलटा. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले कामगार घेऊन अशीच चाचणी सुरू होती. त्यांना बीटा-कॅरोटिनसोबत जीवनसत्त्व अ दिले जात होते. त्या गटात कर्करोग 28 टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि 1996 मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. ताटातल्या गाजराने, लाल भोपळ्याने किंवा शेवग्याच्या पाल्याने असा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. तेच द्रव्य मोठ्या मात्रेत, एकटे, रोज गोळीतून धुराने पोळलेल्या फुप्फुसात पोचले की मात्र वेगळे वागते.

वनस्पतींतल्या द्रव्यांबद्दल काहीही वाचताना-ऐकताना हा निकाल लक्षात ठेवावा. भाजी खाणाऱ्यांचे आरोग्य चांगले असते, यावरून भाजीतून काढलेल्या एखाद्या द्रव्याची गोळी तेच आरोग्य देईल, असे ठरत नाही.

मग डोळ्यांसाठी अँटिऑक्सिडंट्सचा एवढा बोलबाला का? त्याला शरीररचनेचे कारण आहे. डोळ्यात दिवसभर उजेड शिरतो. मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, वजनाच्या मानाने प्रचंड ऑक्सिजन वापरतो आणि त्यातल्या पेशींत सहज खराब होणारी स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. उजेड, ऑक्सिजन आणि स्निग्धांश एकत्र आले की ऑक्सिडीकरण होते आणि पेशींची झीज होते. समोरच्या भिंगाची अडचण वेगळीच आहे. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात आणि त्याच्या गाभ्यातली प्रथिने जन्मापासून बदलत नाहीत. सत्तर वर्षांच्या माणसाच्या भिंगाचा गाभाही सत्तर वर्षांचाच असतो. त्या प्रथिनांना जपण्यासाठी शरीर डोळ्यातल्या द्रवात जीवनसत्त्व क रक्तातल्यापेक्षा कित्येक पट साठवून ठेवते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि समोरच्याचा चेहरा ओळखतो, त्या पीतबिंदूला पिवळा रंग येतो ल्युटीन आणि झियाझँथिन या दोन रंगद्रव्यांमुळे. ती निळा प्रकाश शोषून घेतात आणि ऑक्सिडीकरणाला आवर घालतात. शरीराला ती तयार करता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात.

1994 मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासाने याकडे लक्ष वेधले. ज्यांच्या जेवणात कॅरोटिनॉइड्स सर्वाधिक होती, त्यांच्यात पीतबिंदूच्या ऱ्हासाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी दिसला, आणि त्यातही पालकासारख्या गडद हिरव्या पाल्याचा संबंध सर्वांत ठळक होता. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने एक मोठी चाचणी केली. ‘एरेड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचा निकाल 2001 मध्ये जाहीर झाला. तिच्या गोळीत रोज 500 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क, 400 युनिट जीवनसत्त्व ई, 15 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, 80 मिलिग्रॅम झिंक आणि 2 मिलिग्रॅम तांबे होते. ज्यांचा पीतबिंदू आधीच मध्यम प्रमाणात झिजला होता, त्यांच्यात पाच वर्षांत तो पुढच्या गंभीर टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. दुसऱ्या फेरीत चार हजारांवर लोक होते. तिचा निकाल 2013 चा. बीटा-कॅरोटिन काढून त्याजागी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन घालणे अधिक सुरक्षित ठरले. माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 च्या कॅप्सूलची भर घालून जास्तीचा फायदा दिसला नाही. त्याच लोकांची दहा वर्षांनंतरची पाहणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्वी धूम्रपान केलेल्यांत बीटा-कॅरोटिनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाल्याचे पुन्हा दिसले.

आता या चाचण्यांनी काय सिद्ध झाले नाही, ते पाहू. निरोगी डोळ्यांच्या माणसाला या गोळ्यांनी पीतबिंदूचा आजार टळतो, असे त्यांतून निघत नाही. चष्म्याचा नंबर त्यांनी उतरत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूवर त्यांचा उपयोग दिसला नाही. म्हणजे या महाग गोळ्यांचा खरा धनी एकच: डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासले आहे आणि ‘मध्यम टप्प्याचा पीतबिंदू-ऱ्हास’ (किंवा एका डोळ्यात गंभीर टप्प्याचा) असे कागदावर लिहून दिले आहे, असा रुग्ण. त्याने गोळी जरूर घ्यावी, पण लेबलवरचे आकडे वर दिलेल्या, बीटा-कॅरोटिनऐवजी ल्युटीन-झियाझँथिन असलेल्या गोळीच्या आकड्यांशी ताडून घ्यावेत. भारतीय दुकानांत ‘ल्युटीन’ नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ही मात्रा नसते. बाकीच्यांनी तो पैसा भाजी, अंडी आणि पेरूवर खर्च करावा.

मोतीबिंदूचा प्रश्न आपल्याकडे अधिक मोठा आहे. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या भारतीयांच्या अंधत्वात 66.2 टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. गोळ्यांनी तो रोखता येतो का, हे पाहण्यासाठी दक्षिण भारतातल्या खेड्यांत 35 ते 50 वयाच्या 798 लोकांना पाच वर्षे बीटा-कॅरोटिन, जीवनसत्त्व क आणि ई देण्यात आले. 2006 मध्ये निकाल लागला. गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या मोतीबिंदूच्या वाढीत फरक नव्हता. अमेरिकेत चौदा हजारांवर पुरुष डॉक्टरांना वर्षानुवर्षे क आणि ई देऊनही तेच दिसले.

याच्या शेजारी दुसरा एक भारतीय अभ्यास ठेवला की गोष्ट रोचक होते. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या हजारो ग्रामस्थांचे रक्त आणि डोळे तपासले गेले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उत्तरेतल्या 73.9 टक्के आणि दक्षिणेतल्या 45.7 टक्के लोकांच्या रक्तात जीवनसत्त्व क ची कमतरता होती. ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांच्यात मोतीबिंदू कमी, असाही संबंध दिसला. ही कमतरता तंबाखू वापरणाऱ्यांत आणि लाकूड-शेणी जाळून स्वयंपाक करणाऱ्या घरांत जास्त होती. पालघर जिल्ह्याच्या पाड्यांवर चुलीपुढे बसणाऱ्या आणि मशेरी लावणाऱ्या बायकांना ही दोन्ही कारणे थेट लागू पडतात. गोळीने मोतीबिंदू थांबत नाही आणि तरीही अन्नात क नसणे डोळ्यांना भोवते, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. भिंग झिजायला अनेक दशके लागतात. प्रौढ वयात पाच वर्षे घेतलेली गोळी त्याआधीच्या अनेक वर्षांचा फिका आहार भरून काढील, ही अपेक्षाच जास्तीची होती.

तेव्हा ताटाकडे वळू, आणि इथे पालघरकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा एका बाजूला सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडीच्या कोळीवाड्यांपासून दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपर्यंत पसरला आहे. मधल्या पट्ट्यात भाजीपाल्याच्या वाड्या, मिरची, चिकूच्या बागा आणि भातशेती. मासळी, रानभाजी आणि बागायती फळ एकाच बाजारात मिळावे, असे भाग्य थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येते.

पहिला मान शेवग्याच्या पाल्याला द्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यात गाजरात 100 ग्रॅमला सुमारे 5,400 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन आहे, तर शेवग्याच्या पाल्यात 17,000 च्या वर. हिरव्या माठात ते सुमारे 8,500. ल्युटीनही या गडद पाल्यांतच भरपूर असते. तरी शेंगा काढून पाला गुरांपुढे टाकण्याची पद्धत कित्येक घरांत चालू आहे, ती बदलावी. कोवळा पाला कांदा-लसणावर परतून, मुगाच्या डाळीत घालून किंवा तांदळाच्या पिठाच्या भाकरीत मळून खाता येतो. घराच्या कुंपणाला एक झाड पुरते आणि बारमाही पाला देते.

पावसाळ्यात रानभाज्यांची रांग लागते. पहिल्या सरींच्या आगेमागे शेवळ, मग टाकळा, कवळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, तेरा, पुढे करटोली. कृषी खात्यातर्फे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, तिथे या सगळ्या एका जागी पाहायला आणि पाककृती विचारायला मिळतात. बोईसरला बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांना त्या अनोळखी असतात म्हणून ती त्यांच्याकडे पाठ फिरवतात. विकायला बसलेल्या वारली किंवा मल्हार कोळी बाईला ‘ही कशी करायची?’ असे विचारावे. ती नेमके सांगते, आणि ते नीट ऐकणे गरजेचेही असते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून ती भाजी काकडांची आंबट फळे किंवा चिंच घालून, नीट शिजवूनच खायची. तेऱ्या-अळूचेही तसेच. करांदे उकडून त्यांचे पाणी टाकून द्यावे लागते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू, पालक, माठ रोज खाऊ नये. फोडशी, मेथी, शेवगा आलटून-पालटून घ्यावेत.

पाला कुठून खुडला, हेही विचारावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात तारापूर हे देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. पालेभाज्या मातीतले आणि पाण्यातले जड धातू इतर भाज्यांपेक्षा जास्त शोषतात. त्यामुळे कारखान्यांच्या नाल्याकाठी किंवा वाहत्या रस्त्याच्या कडेला टाकळा कितीही कोवळा दिसला, तरी तो खुडू नये. वसाहतीपासून दूरच्या गावांतली आणि डोंगरातली भाजी घ्यावी, वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवावी. पौष्टिक म्हणून खाल्लेला पाला अंगात शिसे घेऊन येणार असेल, तर त्यातल्या ल्युटीनचे काय करायचे?

शिजवण्याच्या दोन-तीन गोष्टी सांभाळल्या की अर्धे काम होते. कॅरोटिन आणि ल्युटीन तेलात विरघळतात. कोरड्या उकडलेल्या भाजीतून ती फारशी अंगी लागत नाहीत. चमचाभर तेलाची फोडणी, ओले खोबरे, शेंगदाण्याचे कूट, यांतले काहीही चालते. सुका जवळा घालून केलेल्या माठाच्या भाजीत प्रथिने येतात आणि फोडणीच्या तेलात पाल्यातला रंग उतरतो. ही या किनाऱ्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. जीवनसत्त्व क मात्र पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. म्हणून चिरून मग धुण्याऐवजी धुऊन मग चिरावे, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावे आणि लिंबू पातेले उतरवल्यावर पिळावे. पाला वाळवून ठेवायचा असेल तर कडक उन्हात टाकू नये, उन्हाने कॅरोटिन उडते. सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.

जीवनसत्त्व क साठी आवळा आणि पेरू यांच्या तोडीचे स्वस्त फळ नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात 100 ग्रॅम आवळ्यात सुमारे 250 आणि पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर क आहे. प्रौढ पुरुषाची रोजची गरज 80 आणि स्त्रीची 65 मिलिग्रॅम. मध्यम आकाराचा एक पेरू दिवसाची बेगमी करून उरतो. घोलवड-डहाणूचा चिकू भौगोलिक मानांकन मिळवलेला, जिल्ह्याचा अभिमान आहे. त्यातून तंतू आणि ऊर्जा मिळते, पण क च्या बाबतीत तो पेरूची जागा घेऊ शकत नाही आणि मधुमेहींनी तो मोजूनच खावा. कच्ची ढोबळी मिरची कोशिंबिरीत घालावी, ती क ने समृद्ध असते.

जून महिना बहाडोलीच्या जांभळांचा. पालघर तालुक्यातल्या या गावाच्या टपोऱ्या जांभळालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जीभ रंगवणारी त्याची जांभळी द्रव्ये म्हणजे अँथोसायनिन्स. हीच द्रव्ये बिलबेरी नावाच्या युरोपीय फळात आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा मुरंबा खाऊन रात्री स्पष्ट पाहत, अशी कथा त्या फळाच्या गोळ्यांबरोबर जगभर पसरली. 2004 मध्ये दोन संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा काटेकोर चाचण्यांत रात्रीच्या दृष्टीला फायदा झाल्याचे निघाले नाही. जांभूळ हंगामात आवडीने खावे. ते उत्तम फळ आहे, पण त्याच्या बियांच्या पावडरीवर विसंबून मधुमेहाचे औषध सोडणे डोळ्यांना महागात पडते. साखर अनियंत्रित राहिली की दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि ते नुकसान कोणतेही फळ भरून काढत नाही.

हिवाळ्यात चिंचणी-डहाणूच्या बाजूला उकडहंडी लागते. कोनफळ, रताळी आणि वालपापडी मडक्यात वाफवलेली. कोनफळाचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. रताळे मात्र कापून पाहावे. पांढऱ्या गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटिन नगण्य असते, नारिंगी गराच्यात भरपूर. डोंगराकडच्या घरांत नागलीची भाकरी अजून टिकून आहे. नागलीच्या तपकिरी सालीत पॉलिफिनॉल द्रव्ये असतात, म्हणून पीठ फार बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नये.

ल्युटीनसाठी अंड्याचा पिवळा बलक वेगळा उल्लेख मागतो. त्यात ल्युटीनची मात्रा पालकापेक्षा कमी, पण ते स्निग्धांशात मिसळलेले असल्याने शरीरात अधिक चांगले शोषले जाते. 2004 च्या एका प्रयोगात समान मात्रेतले ल्युटीन अंड्यातून दिल्यावर रक्तात ते पालक किंवा गोळीपेक्षा अधिक चढले. पिवळा मकाही चांगला, त्यात झियाझँथिन असते. बाजारातल्या ल्युटीनच्या कॅप्सूल बहुतेक झेंडूच्या पाकळ्यांपासून बनतात, हे कळल्यावर कुणी दसऱ्याच्या हारातली फुले खायला घेऊ नये. सजावटीच्या फुलांवर कीटकनाशकांचे फवारे झालेले असतात. माशांत बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा खावेत. ओमेगा-3 च्या कॅप्सूलने चाचणीत फायदा दाखवला नसला, तरी मासे खाणाऱ्यांत पीतबिंदूचा आजार कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसते. पापलेट परवडत नसेल तर त्याची खंत नको, कारण या कामासाठी स्वस्त तारलीच सरस.

प्रमाण किती, असा प्रश्न येतोच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत साधारण 2,000 कॅलरीच्या दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत, त्या भाज्यांपैकी सुमारे 100 ग्रॅम पालेभाजी. डब्यातल्या एका छोट्या कप्प्यातली बटाट्याची भाजी आणि उरलेला भात, या हिशेबात कुठेच बसत नाही. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या डब्यात पाल्याची कोरडी भाजी, उकडलेले अंडे आणि एक पेरू एवढे गेले, तरी पारडे बरेच सावरते.

हळदीबद्दलही नेमके बोलायला हवे. हैदराबादच्या त्याच संस्थेत 2005 मध्ये मधुमेह झालेल्या उंदरांच्या अन्नात हळद मिसळली गेली. रक्तातली साखर उतरली नाही, पण मोतीबिंदू पिकायला उशीर लागला. पुढे 2007 मध्ये आवळ्यानेही तसाच परिणाम दाखवला. निष्कर्ष आशादायक आहेत, पण ते उंदरांचे आहेत. त्या संस्थेच्या आधीच्या एका प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनची थोडी मात्रा मोतीबिंदू लांबवणारी ठरली, तर जास्त मात्रेने तो उलट लवकर पिकला. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आहे तशी चालू ठेवावी. कर्क्युमिनच्या गोळ्या डोळ्यांसाठी घेण्याला आधार नाही. आणि हळद, मध, एरंडेल, पाल्याचा रस, यांतले काहीही डोळ्यात घालू नये. बुबुळावर जखम आणि जंतुसंसर्ग झाला तर फूल पडते आणि नजर कायमची जाते.

लहान मुलांचा विषय वेगळा, आणि या जिल्ह्यात तो जिव्हारी लागणारा आहे. 1992 मध्ये जव्हारजवळच्या वावर-वांगणी इथल्या बालमृत्यूंनी कुपोषणाकडे साऱ्या राज्याचे लक्ष खेचले होते. जीवनसत्त्व अ च्या अभावाने आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात आणि शेवटी बुबुळच विरघळते. 1970 पासून देशात मुलांना अ चे डोस दिले जातात. नवव्या महिन्यात 1 लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख युनिट, असे एकूण नऊ डोस. पालकांनी लसीकरणाचे कार्ड काढून किती डोस झाले ते मोजावे आणि राहिलेला डोस अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडून मागून घ्यावा. मूल तिन्हीसांजेला अडखळू लागले, तर पुढच्या डोसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रीने मात्र जीवनसत्त्व अ च्या जोरदार गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी गर्भाला व्यंग येऊ शकते. तिच्यासाठी अंगणवाडीतला अमृत आहार, घरचा पाला आणि अंडी हाच मार्ग बरा.

कारखान्यात मात्र डोळ्याचे रक्षण गॉगल करतो, गाजर नाही. ग्राइंडिंगची ठिणगी, वेल्डिंगचा झोत आणि आम्लाचा शिंतोडा यांपुढे कोणतेही अँटिऑक्सिडंट टिकत नाही. डोळ्यात रसायन उडाले तर मालकाला सांगायला धावण्याआधी स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मग रुग्णालयात जावे. होडीवर जाणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या चेसापीक खाडीतल्या 838 कोळ्यांचा 1988 चा अभ्यास मोलाचा आहे. आयुष्यभर ज्यांच्या डोळ्यांवर अतिनील किरण जास्त पडले, त्यांच्यात एका प्रकारचा मोतीबिंदू स्पष्टपणे अधिक होता. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा साधा चष्मा, एवढ्याने तो मारा बराच घटतो.

मोतीबिंदू झालाच, तर तो विरघळवणारी गोळी किंवा थेंब नाहीत. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि सरकारी रुग्णालयांत ती राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत होते. ‘पिकू द्या’ म्हणून वर्षे घालवण्याची गरज आता उरलेली नाही. चाळिशीनंतर ठरावीक काळाने आणि मधुमेहींनी दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. मधल्या काळात घरीच एक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी, मग दुसरा. सरळ कड वाकडी किंवा मधेच तुटलेली दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

तपासणीला जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि काढे पिशवीत घालून न्यावेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवले, तर तिच्यातल्या जीवनसत्त्व के मुळे औषधाचा परिणाम कमी होतो. त्यांनी रोजचे प्रमाण सारखे ठेवावे आणि बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. एरेड्सच्या गोळीतल्या 80 मिलिग्रॅम झिंकने काहींना लघवीच्या तक्रारी झाल्या होत्या. दुसऱ्या फेरीत 25 मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्यांच्या निकालात उणेपणा दिसला नाही, म्हणून असा त्रास असलेल्या वयस्कर पुरुषांनी कमी झिंकच्या गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.